पेठेच्या काठावर सार्वजनिक इमारत बांधताना: पूररेषेपासून वळचणीपर्यंत

पुण्यात एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता मुठा नदीवरच्या लकडी पुलावरून पेठेकडून डेक्कनकडे चालत जा. ऊन थेट डोळ्यांत येतं. थोडं पुढे गेलं की अंगाला वारा लागतो, आणि तोही त्याच बाजूने. मुठेच्या उजव्या काठावर, म्हणजे नारायण-शनिवार पेठेच्या बाजूला बांधणाऱ्याचा सगळा पेच इथेच आहे. लकडी पूल ते मुळा-मुठा संगम या टप्प्यात नदी ईशान्येकडे वाहते, त्यामुळे पेठेतल्या इमारतीला नदी दिसते ती वायव्येला. दुपारनंतरचं सगळ्यांत तापट ऊन तिथूनच आत शिरतं आणि पश्चिमेचा वाराही तिकडूनच येतो. नदी दिसावी म्हणून काच लावली तर आतली माणसं भाजतात, आणि उन्हासाठी भिंत घातली तर नदी आणि वारा दोन्ही जातात.

एका वाचनालयाच्या कामात आमच्या गटाने पश्चिमेची अख्खी बाजू काचेची केली होती. पहिल्याच उन्हाळ्यात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांनी काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली. ते दृश्य मी विसरलेलो नाही. खाली जी पद्धत मांडतो आहे ती त्यानंतर शिकलेली आहे.

उदाहरण म्हणून एक सार्वजनिक इमारत धरू: अभ्यासिका, दीडशे माणसांचं सभागृह, नदीकडे उतरणारा ओटा आणि घाटावर येणाऱ्यांसाठी स्वच्छतागृहं. तळमजला अधिक दोन मजले, छपराचं क्षेत्र ८०० चौरस मीटर, जागा शनिवार पेठेच्या काठाला. एखाद्या नगरसेवकाला, विश्वस्ताला किंवा वास्तुविद्येच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून काय करायचं ते कळावं, अशा क्रमाने लिहितो.

पायरी पहिली: आधी पाण्याची उंची

कागदावर पहिली रेघ इमारतीची काढू नका, पाण्याची काढा. जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा महापालिकेच्या विकास आराखड्यावर असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये इमारत चालत नाही. बाग, मोकळी जागा, वाहनतळ अशा मोजक्याच गोष्टी चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोत्याची (तळमजल्याच्या फरशीची) पातळी लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर हवी.

नकाशावर रेघ सापडली म्हणजे काम झालं असं नाही. तुमच्या जागेसमोर ती रेघ समुद्रसपाटीपासून किती मीटरवर येते तो आकडा लेखी मागून घ्या. भूमापकाकडून नदीच्या तळापासून मागच्या रस्त्यापर्यंत दर पाच मीटरला पातळ्या घ्या आणि मोठ्या कागदावर एक उभा छेद, म्हणजे जागा उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढा. त्यावर निळी रेघ, लाल रेघ, घाटाच्या पायऱ्या, रस्ता आणि शेजारच्या वाड्याचं जोतं असं सगळं एकाच मापात हवं. पुढचे सगळे वाद या एका छेदावर मिटतात.

मग पेठेतल्या वडीलधाऱ्यांकडे जा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही, तेव्हा पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं हे घराघरांत सांगितलं जातं. ते धरणफुटीचं पाणी, नेहमीच्या पुराचं नव्हे. त्यावर जोतं ठरवायचं नाही. पण लोकांना वर चढून सुरक्षित थांबायला जागा कुठे असेल हे त्यावर ठरवायचं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत रात्रीत घरांत पाणी शिरलं, तेही याच नदीचं. धरणातून किती क्युसेक सोडलं की समोरची कुठली पायरी बुडते, याची नोंद निदान एक पावसाळा स्वतः ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. वर्तमानपत्रातला आकडा आणि तुमची पायरी यांची सांगड बसली की विसर्गाची बातमी आली तरी चौकीदाराला काय करायचं ते ठाऊक असतं.

माझं ठाम मत इथेच सांगतो. सार्वजनिक इमारतीने नदीची एक वीतही जागा घेऊ नये, भराव टाकून तर नाहीच. नदीकाठ सुधारणेचा ४४ किलोमीटरचा प्रकल्प शहरात चालू आहे आणि पात्राच्या रुंदीवरून त्यावर वाद आहेत. आपल्या इमारतीपुरतं तरी ठरवता येतं: पूर आला तर पाण्याला जितकी जागा काल होती तितकीच उद्याही राहील.

पायरी दुसरी: परवानग्या, वेळेत

शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात, तिथे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. अंतर वास्तूच्या मध्यापासून मोजू नका, संरक्षित हद्दीपासून मोजा. महापालिकेच्या वारसा यादीतली वास्तू शेजारी असेल तर वारसा समितीकडे जावं लागतं. तिथे रंगीत चित्रं घेऊन जाण्यापेक्षा तोच उभा छेद न्या, आणि समोरच्या पुलावरून ओंकारेश्वराचं शिखर आज जसं दिसतं तसंच नंतरही दिसेल हे त्यावर दाखवा. झाडं तोडायची वेळ येऊ देऊ नका. प्रत्येक झाडाचा बुंधा आणि घेर पहिल्याच नकाशावर हवा.

पायरी तिसरी: खोल्या उन्हाप्रमाणे बसवा

भूखंड नदीला समांतर, म्हणजे चार बाजू चार उपदिशांना. माझी मांडणी अशी असते.

नैर्ऋत्येला जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं, कोठार. भिंत जाड, खिडक्या लहान. दुपारचं ऊन या पट्ट्याने अंगावर घ्यायचं, म्हणजे मागच्या खोल्या वाचतात. ईशान्येला अभ्यासिका, सकाळचं थोडं कोवळं ऊन सोडलं तर दिवसभर सौम्य उजेड मिळतो आणि वहीवर हाताची काळी सावली पडत नाही. आग्नेयेला पेठेचा रस्ता, तिथून प्रवेश. वायव्येला नदी, तिथे पडवी. मध्ये चौक. सभागृह पहिल्या मजल्यावर, कारण पुराच्या वेळी आसपासच्या माणसांना तिथे थांबवता येतं.

डेक्कनच्या काठाला बांधणाऱ्याचं काम सोपं आहे. त्याला नदी आग्नेयेला मिळते, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली.

एक समज मात्र काढून टाका. नदीवरून येतो म्हणून वारा थंड असेल असं नाही. उन्हाळ्यात मुठेला शहरात पाणी बेताचंच असतं आणि जे असतं त्यात सांडपाणी मोठं. नदी देते ती मोकळी रुंदी. दाट पेठेत वाऱ्याला एवढा सरळ रस्ता दुसरा नाही. वास आणि डास हे त्यासोबत येणारच. डासांची जाळी लावली की वारा बराच अडतो, तेव्हा उघडीप हिशोबापेक्षा दीडपट धरा आणि जाळ्या काढून धुता येतील अशा चौकटीत बसवा.

पायरी चौथी: पडवी आणि खाली उतरलेली वळचण

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावरून जातो, त्या दिवशी भर दुपारी काठीला सावली पडत नाही. म्हणून खिडकीवरचा नेहमीचा छज्जा दुपारी बाराला उपयोगी असतो, संध्याकाळी पाचला मात्र नाही.

हिशोब करून पाहू. मेच्या मध्याला पाच वाजता सूर्य क्षितिजावर जेमतेम २७ अंश असतो आणि पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे सरकलेला. वायव्येकडे तोंड असलेल्या भिंतीसाठी याचा अर्थ असा की एक मीटर खोल आडोशाची सावली फक्त ६० सेंटिमीटर खाली येते. तीन मीटर उंच उघडीप सावलीत ठेवायची तर पाच मीटर खोल छज्जा लागेल. तो कोणी बांधत नाही.

जुन्या वाड्यांनी हे वेगळ्या वाटेने सोडवलं होतं. त्यांनी छप्पर पुढे नेलं आणि खाली उतरवलं. पडवी तीन मीटर खोल घ्या आणि कौलारू छपराची वळचण, म्हणजे खालची कड, पडवीच्या फरशीपासून २.२ मीटरवर आणा. चार वाजता आतली भिंत पूर्ण सावलीत असते. पाच वाजता सावली वळचणीपासून १.८ मीटर खाली येते, म्हणजे भिंतीच्या तळाशी फक्त ४० सेंटिमीटर पट्टा उन्हात. खाली बसलेल्या माणसाला नदी दिसते, कारण वळचणीखालून नजर तिरपी खालीच जाते. वाराही त्याच फटीतून आत येतो. खाली उतरलेली एक वळचण ऊन, नजर आणि वारा तिन्हींचा मेळ घालते. म्हणून मी तिला या इमारतीचा प्राण मानतो.

सहा वाजता मात्र सूर्य १३ अंशांवर येतो आणि भिंतीवर १.४ मीटरपर्यंत ऊन चढतं. तिथे छप्पर पुरत नाही. वळचणीला बांबूच्या चिका (गुंडाळता येणारे पडदे) टांगा, आणि समोर, निळ्या रेषेच्या आत जिथे बांधता येत नाही तिथे झाडं लावा: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, आणि पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज. ही नदीकाठचीच झाडं आहेत, पाय पाण्यात बुडाले तरी तग धरतात. ऐन उन्हाळ्यात करंजाला नवी पालवी असते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा सावली. गुलमोहर लावू नका. तो वादळात फांद्या टाकतो.

वरच्या मजल्यांना पडवी नसते, तिथे दीड मीटरचा सज्जा आणि त्याच्या बाहेरच्या कडेला लाकडी झडपा. झडपा हलत्या ठेवा, एका जागी पक्क्या करू नका. सकाळी त्या उघड्या असल्या तर अभ्यासिकेतून नदी दिसते, चारनंतर तिरप्या केल्या की उजेड वर छताकडे जातो.

इमारतीची एखादी बाजू नेमकी दक्षिणेला येत असेल तर तिथे साधा छज्जा पुरतो. दीड मीटर उंच खिडकीवर ७५ सेंटिमीटरचा छज्जा घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला, जेव्हा ऊन पुन्हा तापतं, माध्यान्हीला जवळजवळ पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरच्या अखेरीला सूर्य माध्यान्हीला ४८ अंशांवर असतो, तेव्हा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं. ते हवंच असतं.

पायरी पाचवी: चौक, आणि रात्री उघड्या ठेवायच्या खिडक्या

पुण्याची खरी देणगी म्हणजे रात्र. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ च्या आसपास जातो आणि पहाटे २१-२२ पर्यंत उतरतो. जाड भिंती रात्रभर या गार हवेने थंड केल्या तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आत सुखाने बसता येतं. मुंबईत हे जमत नाही, तिथे रात्र एवढी उतरत नाही.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात. खाली, पडवीच्या बाजूला, लोखंडी गजांच्या आत उघडणारी झरोक्यांची रांग, म्हणजे रात्री उघडं ठेवलं तरी चोरीचं भय नाही. वर, चौकाच्या छपरालगत, तापलेली हवा बाहेर जायला उंच झडपा. आणि मध्ये उघडं वस्तुमान, म्हणजे विटेची किंवा दगडाची भिंत आणि शहाबादी फरशी. खोटं छत लावून स्लॅब झाकला किंवा भिंतीला प्लायवूड मारलं की ही सगळी योजना बंद पडते. आतल्या सजावटीचं कंत्राट वेगळं निघतं तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून ‘खोटं छत नाही’ ही अट मूळ निविदेतच घाला.

चौक सहा मीटर बाय सहा, सभोवती सात मीटर उंच भिंती, असा धरला तर मे महिन्यात साधारण अकरा ते दोन त्याची अर्ध्याहून जास्त फरशी उन्हात असते. (पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास.) चौक अरुंद करून यावर उपाय होत नाही, कारण सूर्य डोक्यावरच असतो. मार्चच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत वर पांढऱ्या जाड कापडाचं छत ओढा, रात्री गुंडाळा. त्यासाठी भिंतीत पितळी कड्या आणि तारा सुरुवातीलाच बसवा. विश्रामबागवाड्यात जाऊन चौक आणि भोवतालचे सोपे (चौकाकडे उघडे असलेले ओसरीसारखे भाग) दुपारी दोनला अनुभवा. कागदावर वारा दाखवणाऱ्या दहा बाणांपेक्षा ते जास्त शिकवतं.

यंत्रं नकोतच असं मी म्हणत नाही. अभ्यासिकेत छताचे पंखे हवेतच, हलक्या वाऱ्याने दोन-तीन अंशांचा फरक जाणवतो. वातानुकूलन फक्त सभागृहाला आणि जुनी कागदपत्रं असतील तर त्यांच्या खोलीला.

पायरी सहावी: छप्पर आणि पाऊस

उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त उष्णता छपरातून येते, भिंतींतून नाही. स्लॅबवर कौलं, मध्ये हात जाईल एवढी हवेची पोकळी आणि दोन्ही टोकांना ती पोकळी उघडी. हा माझा पहिला पसंतीक्रम. सपाट गच्ची असेल तर उष्णतारोधक थर आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी.

पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. ८०० चौरस मीटर छपरावर पडणाऱ्या पावसातला ८० टक्के हाती लागला तर साडेचार लाख लिटर होतात. ते स्वच्छतागृहांना आणि ओटा धुवायला वापरा. पन्हळींचा हिशोब मात्र वर्षाच्या पावसावर करू नका, तासाच्या पावसावर करा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला लोंढा काही तासांच्या पावसाचा होता. तासाला १०० मिलिमीटर धरा, म्हणजे या छपरावरून सेकंदाला २२ लिटर पाणी. पन्हळ आणि खालचे पाइप त्या मापाचे.

पायरी सातवी: तळ बुडेल असं धरून बांधा

जोतं लाल रेषेच्या वर गेलं की इमारतीखाली एक उघडा मजला मिळतो. तो बंद करून दुकानं काढण्याचा मोह टाळा. एरवी तो सावलीचा ओटा आहे, गणेशविसर्जनाच्या दिवशी रांगेची जागा आहे, पितृपक्षात घाटावर आलेल्यांना बसायची जागा आहे. पुरात तो पाण्याचा.

एक मीटर खोल पाण्याचा दाब तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन असतो. बंद भिंतीच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी वेळच येऊ देऊ नका. ज्या भिंती हव्यातच त्या प्रवाहाला समांतर ठेवा आणि त्यांत खाली मोकळ्या जागा सोडा. खांब गोल. फरशी शंभरात एक उताराची, नदीकडे, आणि गाळ धुवायला मोठ्या दाबाचा नळ वरच्या मजल्यावरून. विजेचे पॅनेल, जनित्र, पंप, लिफ्टचं यंत्र सगळं लाल रेषेच्या वर. सांडपाण्याच्या वाहिनीवर उलट प्रवाह रोखणारी झडप, नाहीतर पूर दारातून येण्याआधी स्वच्छतागृहातून येतो. जमिनीखालच्या टाक्या रिकाम्या असताना पुराचं पाणी त्यांना वर उचलू शकतं, त्यांचं वजन आणि नांगर हिशोबात धरा. काठाला काळी माती बऱ्याच ठिकाणी निघते, ती फुगते आणि आकसते. पाया मुरुमाखालच्या कातळापर्यंत न्या.

उंच जोत्याची किंमत चाकाच्या खुर्चीवाल्याने मोजायची नाही. रस्त्यापासून २.४ मीटर चढायचं असेल तर बारात एक उताराचा रॅम्प विसाव्यांसह ३३ मीटरच्या आसपास होतो. तो मागे लपवू नका. झाडांमधून, मुख्य दाराशी पोहोचणारा, सगळ्यांनीच वापरावा असा करा.

पायरी आठवी: दगड, चुना आणि निविदा

लाल रेषेपर्यंत काळा दगड, उघडा, प्लास्टर नाही. पण काळा दगड तापतो, म्हणून वर, उन्हाच्या बाजूला, विटेची भिंत आणि फिकट चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच. ओला चुना पावसात सापडला तर धरत नाही. वारसा परिसराशी मेळ म्हणून सिमेंटच्या महिरपी चिकटवण्याची फॅशन आहे. ती मला खटकते. शेजारच्या वाड्याची जोत्याची रेघ, वळचणीची उंची आणि खांबांतलं अंतर पाळलं तर मेळ आपोआप बसतो.

सरकारी दरसूचीत अशा चुन्याच्या आणि घडीव दगडाच्या बाबी पुष्कळदा नसतात. नसलेल्या बाबीचं काम शेवटी सिमेंटमध्येच होतं. म्हणून अंदाजपत्रकाआधीच त्या बाबींचं दर पृथक्करण, म्हणजे साहित्य आणि मजुरी धरून दराचा हिशोब, करून मंजूर करून घ्या. पाथरवटाकडून आणि गवंड्याकडून एक चौरस मीटरची नमुना भिंत बांधून घ्या, ती एक पावसाळा उघड्यावर राहू द्या, आणि निविदेत तिचाच संदर्भ द्या.

ताबा देताना

चौकीदारासाठी मराठीत एका पानाचं वेळापत्रक लिहा: मार्च ते मे रात्री आठला झरोके उघडायचे, सकाळी आठला बंद; चारला झडपा तिरप्या; खडकवासल्यातून अमुक विसर्ग झाला की खालची बाकं वर. ते लॅमिनेट करून जिन्यात लावा. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागते, तेव्हा कपाटं बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे.

पहिल्या उन्हाळ्यात एप्रिलच्या एका दिवशी दुपारी तीन, पाच आणि सहाला तापमापक घेऊन स्वतः जा. बाहेर, पडवीत आणि अभ्यासिकेत किती आहे ते लिहा. मग मुलं कुठे बसली आहेत ते पाहा. एखादं टेबल रिकामं असेल तर त्या जागी जाऊन पंधरा मिनिटं बसा. कुठली चिक टांगायची राहिली ते कळेल.

आणि घाटाच्या पायऱ्यांवर निळी आणि लाल पातळी दगडात कोरून ठेवा. खाली साल लिहायला जागा सोडा.